ताकाची मात्रा

ताक मी ओतलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला माझी कीव यायला नको. कंपनीने ओतलं नाही, सरकारने ओतलं नाही, माझ्या सुनेने तर नाहीच नाही. मी ओतलं. उज्ज्वला निकुंभ, वय वर्षं बासष्ट, एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. ॲसिडच्या बाटल्या पुसण्यात जिचा जन्म गेला, त्या शहाणीने ओतलं.

आमच्या बोरबन कॉलनीत एकेचाळीस घरं आणि घर तिथे पेटी. पेटी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या कुठे कुठे पुरल्या गेल्या, त्यातलं शिसं हळूहळू पाण्यात उतरलं, आणि एक दिवस आमच्या घराघरांत दोन नळ आले. पांढरा नळ प्यायचा, तो गाळलेला. पिवळा नळ धुण्याभांड्याचा आणि झाडांचा. पिवळ्या नळाचं पाणी दिसायला आरशासारखं. शिशाला ना वास, ना रंग. शेतीलाही तेच पाणी, म्हणून बाजारातल्या प्रत्येक जुडीवर लाल शिक्का असतो: गरोदर स्त्रिया व पाच वर्षांखालील मुलांनी खाऊ नये. गरोदर बाईने हिरवी भाजी खाऊ नये! आमच्या आईच्या काळात असं कुणी बोललं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

म्हणून 'सस्यमित्र' कंपनीची पेटी. हातभर रुंद, दोन हात लांब, काळी, गॅलरीत ठेवायची. हिच्यातली माती जिवंत असते. तिच्यात प्रयोगशाळेत घडवलेला एक जंतू असतो, लोक त्याला कुलूपजंतू म्हणतात. पाण्यातलं विरघळलेलं शिसं तो स्वतःभोवती ओढून घेतो आणि चुनखडीसारखा बारीक खडा तयार करून त्यात कोंडून टाकतो. झाडाचं मूळ फक्त विरघळलेलं पितं, खडा त्याला पिता येत नाही. भाजी स्वच्छ निघते. पण शिसं कुठे जात नाही हो, हे कुणी मनावर घेतलं नाही. तीन वर्षं रोज पिवळ्या नळाची अर्धी बादली, आणि तीन वर्षांचं शिसं त्याच हातभर मातीत कुलपाआड बसलेलं.

पेटीच्या कडेला एक पट्टी असते. माती जिवंत असली की निळी, मेली की पांढरी. सोबत सूचनांचा कागद, बारा भाषांत. व्हिनेगर घालू नये, लिंबाच्या साली घालू नयेत, रासायनिक खत घालू नये, फरशी पुसायचं ॲसिड जवळ नेऊ नये. ताक घालू नये असं कुठेही नव्हतं. लिहिणाऱ्याच्या घरी फ्रिजमधलं आंबलेलं ताक कढीपत्त्याला घालायची पद्धत नसावी. आमच्याकडे ते कुणी शिकवत नाही. ताक उरलं, आंबलं, कढीपत्त्याला गेलं. माझ्या हाताला ते श्वास घेण्याइतकं सवयीचं होतं.

आता कुणी म्हणेल, ताक आम्ल असतं हे तुला ठाऊक नव्हतं? होतं. बारावीच्या पोरांना मीच लिटमस वाटायचे. पण ॲसिड बाटलीत असतं, ताक स्वयंपाकघरात असतं. डोक्यात ही दोन वेगळी कपाटं होती माझ्या.

घटस्थापनेच्या आठवड्यात मी पालक, मेथी आणि मुळा पेरला होता. आश्विनातलं ऊन भाजून काढत होतं, तरी रोपं वर आली, आणि दोन-दोन पानांवरच पिवळी पडली. शिरा हिरव्या, बाकी पान पिवळं. एकेचाळीस घरांत हीच बोंब. नेहमीची वेळ असती तर मी म्हटलं असतं, गेला पालक तर गेला. पण ईश्वरीला पाचवा महिना लागला होता.

ईश्वरी माझी सून. विमा कंपनीत कामाला, बोलायला फटकळ, जेवायला चिमणी. माझा मुलगा मल्हार राजस्थानात सौरप्रकल्पावर, दोन महिन्यांनी आठ दिवस घरी. म्हणजे घरात आम्ही दोघीच. आमचं पटायचं. भांडायचोही, पण ते भांडण रात्रीच्या जेवणापर्यंत टिकायचं नाही. तिचं रक्त कमी भरलं होतं, साडेआठ. डॉक्टर खैरनार बाई म्हणाल्या होत्या, "गोळ्या देते, पण पेटीतली पालेभाजी रोज पोटात गेलीच पाहिजे."

मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडून यंत्र गोड आवाजात म्हणालं, "पट्टी निळी आहे का? निळी असल्यास काळजीचे कारण नाही." मी म्हटलं, "अगं बये, पट्टी खायची की पालक?" तर ते म्हणालं, "आपल्या अभिप्रायाबद्दल आभार."

मग मी कपाळावर आठी घालून फ्रिज उघडला. चार दिवसांचं ताक होतं. एक पळी ताक, एक तांब्या पाणी, आणि ओतलं.

ईश्वरी दारात उभी होती. "आई, त्या कागदावर लिहिलंय ना, आंबट काही घालू नका म्हणून?"

"ते व्हिनेगरचं गं. ताकाने आजवर कुणाचं वाईट झालंय?"

"तसं नाही. एकदा विचारून घेतलं असतं तर?"

"कुणाला? त्या आभारवाल्या बाईला? जा, तू बस जाऊन, पाय सुजतील."

ती हसली आणि आत गेली.

आठ दिवसांत पालक असा हिरवा झाला की दृष्ट काढावी. त्याचं कारण आज मला नीट ठाऊक आहे. जंतू चुनखडी बनवतो, चुनखडीने माती अल्कली होते, आणि तसल्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. म्हणून पान पिवळं. ताकाने तो चुना थोडा मारला, लोह सुटलं, पान हिरवं झालं. औषध खरंच लागू पडलं होतं. हेच तर वाईट. पहिल्याच दिवशी पालक करपला असता तर मी कानाला खडा लावला असता.

पट्टीही गडद निळी झाली, नव्या पेटीला असते त्याहून गडद. मी ती ईश्वरीला हात धरून दाखवली. "बघ. हातच्या कांकणाला आरसा कशाला!"

बातमी पसरायला कितीसा वेळ? समोरच्या हेमांगी सरोदे, कॉलनीच्या सचिव, आपल्या तीन वर्षांच्या नातीला, अन्वीला, कडेवर घेऊन आल्या. "काकू, हे कसं काय हो? आमचा पालक म्हणजे कावीळ झालेला." मी सांगितलं. त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर टाकायला लावलं. मी लिहिलं: 'दर गुरुवारी एक पळी आंबट ताक, एक तांब्या पाणी. जितकं आंबट तितकं चांगलं.' खाली अठ्ठावीस अंगठे. ज्या घरात विरजण लागत नव्हतं त्यांना मी विरजण दिलं. दिवाळीत मला कॉलनीने नारळ आणि शाल दिली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं होतं. एकतीस वर्षं प्राध्यापकांच्या मागे ट्रे घेऊन उभी राहिलेली बाई मी. पहिल्यांदाच कुणी मला काही विचारत होतं.

दिवाळीनंतर ईश्वरीची सहाव्या महिन्याची तपासणी झाली. डॉक्टर खैरनार बाईंनी कागद दोनदा वाचला.

"रक्तात शिसं चौदा आहे. तीनच्या आत असायला हवं. काय खाते ही?"

"सगळं घरचं," मी म्हटलं. "पेटीतलं. माझ्या हातचं."

"बाहेर काही?"

ईश्वरीने खाली बघितलं. "ऑफिसच्या दिवशी कधीतरी पाणीपुरी."

झालं! मला धागा सापडला. घरी येईपर्यंत मी तिला सोडलं नाही. "इथे मी सकाळी उठून पानं निवडते, आणि तू तिकडे पिवळ्या नळाचं पाणी पिऊन येतेस? पोटात एक जीव आहे तुझ्या, काही लाज?" ती रडली. मल्हारला मी फोनवर सांगितलं, त्यानेही तिला झापलं. तिने पाणीपुरी सोडली, ऑफिसात चहा सोडला, घरून डबा नेऊ लागली. डब्यात पालक. रात्री मेथी. मुळ्याच्या पाल्याची भाजी, वरून चुरचुरीत लसूण. चौदाचा आकडा खाली आणायचा म्हणून मी ताट दुपटीने भरत गेले. ती खात गेली.

मार्गशीर्षात थंडी पडली आणि ती सुकत चालली. पोटात कळा यायच्या, तोंडाला लोखंडासारखी चव, चिडचिड इतकी की वाटी आपटायची. आकडा आला एकोणतीस.

तिच्या आईचा फोन आला. सातवा महिना, पहिलं बाळंतपण, माहेरी न्यायची रीत. "विहीणबाई, घेऊन जाऊ का पोरीला? इथे हवापालटही होईल."

"तुमच्याकडे पेटी आहे का?" मी विचारलं.

"नाही. पण आम्ही डाळी, उसळी..."

"नऊच्या खाली रक्त असलेल्या मुलीला डाळींवर ठेवणार? आणि बाजारची जुडी आणलीत म्हणजे? बाळंतपण इथेच होईल. रीत रीतीच्या जागी."

ईश्वरी आतून ऐकत होती. मी फोन ठेवल्यावर ती बाहेर आली. "आई, मला जायचंय."

"आणि तिकडे आकडा वाढला तर?"

"इथे कमी होतोय का?"

"तू चोरून काही खात नसशील तर होईल."

तिने माझ्याकडे बघितलं. तसं त्याआधी तिने कधी बघितलं नव्हतं. मग ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. त्या रात्री जेवणापर्यंत भांडण मिटलं नाही, आणि पुढेही नाही.

पौषात डॉक्टरांनी पुन्हा रक्त घेतलं. सत्तेचाळीस. त्या म्हणाल्या, आता घरातली हळद, मसाले, रंग, खेळणी सगळं तपासायला द्या. भाजीचं कुणी नाव काढलं नाही. पेटीच्या भाजीवर सगळ्यांचा इतका विश्वास.

भोगीला तीन दिवस होते. कॉलनीत ठरलं होतं की यंदा भोगीची भाजी एकत्र करायची. प्रत्येक घराने आपल्या पेटीतलं मूठभर आणायचं, पालक, मेथी, मुळा, गाजर, पावटा, वांगी, आणि सभागृहात एकाच पातेल्यात तीळ लावून शिजवायचं. सोबत बाजरीची भाकरी. लहान मुलांची पंगत आधी.

त्या सकाळी गुरुवार होता. थंडी अशी की नळाला हात लावला तर बोटं बधिर व्हावीत. थंडीत ताक आंबत नाही, म्हणून मी ते गोधडीत गुंडाळून चार दिवस इन्व्हर्टरवर ठेवलं होतं. चांगलं कडक आंबलं होतं. पाणी मिसळायच्या आधीच माझ्या गार पडलेल्या हातातून पळी सटकली, आणि निवळ ताक पेटीच्या कडेवर सांडलं. त्या कडेवर पांढरा पापुद्रा धरलेला असतो, पाणी झिरपून सुकतं तिथे. आम्ही त्याला मीठ फुटलं म्हणायचो.

त्या पापुद्र्यावर बुडबुडे आले.

बारीक होते. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आले नसते. पण मी एकतीस वर्षं दर जूनमध्ये शिंपल्याच्या तुकड्यावर ॲसिड टाकून हेच बुडबुडे पोरांना दाखवले होते. शिंपला चुन्याचा असतो, ॲसिडने विरघळतो, वायू सुटतो, आणि आत जे कोंडलेलं असेल ते पाण्यात येतं. मी तिथेच फरशीवर बसले.

मग मी उठून हळद आणली. हळद ओली करून तीन कागदांवर फासली. चुना लागला की हळद लाल होते, कुंकू तसंच तर करतात. शेवंतीसाठी घेतलेली दुसरी एक पेटी कोपऱ्यात होती, तिला मी कधी ताक घातलं नव्हतं. तिची माती हळदीवर ठेवली, कागद तांबूस झाला. पालकाची ठेवली. पिवळाच. मेथीची ठेवली. पिवळाच. माझी कुलूप लावलेली माती तीन महिन्यांत मी स्वतःच्या हाताने उघडली होती, आणि तीन वर्षांचं शिसं पालकाच्या पानापानांत चढलं होतं.

आणि पट्टी? गडद निळी. पट्टी फक्त मातीचा श्वास मोजते. श्वास कुलूपजंतूचा की ताकातल्या जंतूचा, ते ती विचारत नाही. ताकातले जंतू अब्जावधी, मजेत श्वास घेत होते.

मला कुणीतरी मुस्काटात मारावी असं वाटलं. पण घरात मारणारं कुणी नव्हतं. आत ईश्वरी झोपलेली होती.

त्यानंतर मी काय केलं तेही सांगते, कारण ते ताकाहून वाईट आहे. ताक अडाणीपणाने ओतलं. हे पूर्ण शुद्धीत केलं.

मी विचार केला की भाजी थांबली म्हणजे झालं. कारण सांगायची काय गरज? सरोदेबाई दहा वाजता भोगीची यादी घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना दारातच म्हटलं, "भोगी रद्द करा. पेट्यांवर कीड पडलीय. बारीक पांढरी. ज्यांनी ज्यांनी ताक घातलं त्यांनी सगळी भाजी उपटून टाका आणि पेटी झाकून ठेवा."

"अगंबाई! पण आमच्याकडे तर काहीच दिसत नाही."

"दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल."

"तुम्ही म्हणताय म्हणजे असेलच. बरं झालं बाई सांगितलंत. तुम्ही आहात म्हणून आम्हाला कळतं तरी." आणि त्या ग्रुपवर लिहीत लिहीत जिना उतरल्या.

मी दार लावून वळले तर ईश्वरी खोलीच्या चौकटीला टेकून उभी. चेहरा राखेसारखा, पोट पुढे, हातात पाण्याचा पेला.

"कीड कुठली हो आई? काल रात्री तर तुम्ही मला पालकाचं गरगट्टं वाढलंत."

ती हळूहळू गॅलरीत गेली. तिथे हळदीचे तीन कागद पडले होते, पळी पडली होती, ताकाचं भांडं होतं. ईश्वरी हुशार मुलगी. तिने कागदांकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं.

"ताक?" ती म्हणाली.

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं. पहिल्याच दिवशी."

"हो, बाळ."

"बाळ म्हणू नका मला." ती गॅलरीच्या उंबऱ्यावरच बसली, मोठ्या कष्टाने. "दोन महिने मी पाणीपुरी खाल्ली नाही. चहासुद्धा घेतला नाही ऑफिसात. तुम्ही जे वाढलंत तेच खाल्लं. मला नको व्हायचं तरी खाल्लं. तुम्ही मला चोर म्हणालात. मल्हार मला चोर म्हणाला. मीसुद्धा रात्री आठवत बसायची, आपण चुकून काही खाल्लं का."

मी तिच्या पायाशी बसले. पाय धरायला गेले तर तिने पाय मागे घेतला.

"सरोदेकाकूंना कीड का सांगितलंत?"

"भाजी फेकतील ना सगळे. पुढचं थांबेल."

"आणि मागचं? त्यांची अन्वी तीन वर्षांची आहे. तीन महिने तिने काय खाल्लं? कीड म्हटल्यावर भाजी फेकतील, अन्वीला रक्त तपासायला नेतील का कुणी?"

हे मला सुचलं नव्हतं असं म्हणणार नाही. सुचलं होतं. मी ते बाजूला सारलं होतं. मला माझी शाल आणि माझा नारळ प्यारा होता. मला भीती वाटत होती, की हे लोक मला दगड मारतील, मल्हार मला आई म्हणणार नाही, आणि ही माझ्या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. पोरांच्या रक्तातल्या विषापेक्षा मला ही भीती मोठी वाटली. अशी मी.

"जा," ईश्वरी म्हणाली. "आत्ता जा. नाहीतर मी जाते, आणि मला जिना उतरवत नाहीये."

सभागृहात पंधरा-सोळा बायका तीळ निवडत होत्या. कीड पडली तरी तिळगूळ करायचाच, म्हणून हसतखिदळत बसल्या होत्या. मला बघून दोघीतिघींनी जागा केली. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, की कीड नाही, मी खोटं बोलले. ताकाने कुलूप उघडलं. भाजीत शिसं आहे. ईश्वरीचा आकडा सत्तेचाळीस आहे. ज्या घरात ताक घातलं त्या घरातल्या प्रत्येक मुलाचं रक्त आजच तपासा, उद्या नाही.

कुणी ओरडलं नाही. मी ओरडण्याची वाट बघत होते. सरोदेबाईंची अन्वी तिळाच्या परातीत बोटाने गोल गोल करत होती. सरोदेबाईंनी तिला उचललं, तिच्या बोटांना चिकटलेले तीळ एकेक करून काढले, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काकू, तुम्ही तर शिकलेल्या होतात हो." बस, एवढंच. त्या गेल्या. मग सगळ्या गेल्या. तीळ अर्धे निवडलेले तसेच राहिले.

सव्वीस मुलं तपासली. एकोणीस जणांचा आकडा वर होता. अन्वीचा बावीस. औषधं सुरू झाली, रक्तातलं थोडं उतरतं, हाडात बसलेलं बसतं. कंपनीचे लोक आले, पेट्या सील करून घेऊन गेले, आणि महिन्याभरात कागदावर नवी ओळ आली: दुग्धजन्य पदार्थ टाळावेत. बारा भाषांत. भोगीला आमच्या कॉलनीत कुणाच्याही घरी भाजी शिजली नाही. माझ्या दारात कुणी थुंकलं होतं, ते मी पुसलं.

मल्हार आला. ईश्वरी म्हणाली, "मी सांगणार नाही. तुम्ही सांगा, माझ्यासमोर." मी सांगितलं. तो पोरगा ऐकता ऐकता बायकोकडे बघत होता, माझ्याकडे नाही. मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडला, लहानपणी रडायचा तसा. माझ्याशी तो बोलतो. औषधं आणली का, पाणी भरलं का, एवढंच बोलतो.

पौष संपायच्या आत, महिनाभर आधीच, ईश्वरीला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. एक किलो नऊशे. बोटं कळीएवढी, डोक्यावर काळं जावळ. मी डॉक्टर खैरनार बाईंना विचारलं, ठीक आहे ना? त्या म्हणाल्या, "आज ठीक आहे. पण आज काहीच सांगता येणार नाही. बसायला कधी लागते, नावाने हाक मारल्यावर बघते का, बोलायला कधी लागते, शाळेत काय होतं, तसतसं कळत जाईल." म्हणजे आणखी सहा-सात वर्षं. मी बोटांवर मोजलं. मी तेव्हा एकोणसत्तरची असेन.

दूध मात्र भरपूर आलं. ईश्वरीच्या आईने बाळ पदराखाली द्यायला उचललं, तेवढ्यात नर्स धावत आली. आईचा आकडा चाळिसाच्या वर आहे, अंगावरचं पाजायचं नाही. आकडा उतरेपर्यंत दूध काढून टाकायचं, नाहीतर गाठी होतील. बाळाला बाटलीचं. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. त्या माझ्याशी बोलत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी विहीणबाई डबा आणायला गेल्या होत्या, मल्हार औषधांच्या दुकानात होता. मी बाहेर बाकावर बसून असते, आत बोलावलं तरच जाते. आतून ईश्वरीने हाक मारली. "आई, जरा येता?"

कितीतरी दिवसांनी तिने मला आई म्हटलं होतं. मी जवळजवळ धावतच गेले.

तिने दूध काढून वाटी भरली होती. काठोकाठ. वाटी कोमट होती. "एवढं टाकून या," ती म्हणाली. पाळण्यात पोर तोंड वासून रडत होती, तोंड इकडे तिकडे फिरवून शोधत होती. आईच्या दुधाचा वास लागतो त्यांना, डोळे नीट उघडायच्या आधी लागतो.

आमच्याकडे काढलेलं अंगावरचं दूध मोरीत टाकत नाहीत. झाडाच्या मुळाशी घालतात. दवाखान्याच्या अंगणात तगरीचं झाड होतं, मी वाटी पदराने झाकून दाराकडे वळले.

"झाडाला नका घालू," ईश्वरी मागून म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मोरीतच ओता. आणि वरून पाणी सोडा."

मी मोरीत ओतलं. पांढरी धार जाळीतून खाली गेली, मी वरून नळ सोडला, बराच वेळ सोडून ठेवला. बाहेर पोर रडतच होती. मग मी वाटी घासली, दोनदा विसळली आणि तिच्या उशाशी नेऊन ठेवली, कारण दोन तासांनी ती परत लागणार होती.